पठाणांची पश्तो आणि आपले नाव

पश्चिम लंडनात साउथॉल आणि हौन्सलोच्या बाजूला नान, सुका मेवा आणि भाजीपाला विकणारी अफगाण मंडळींची दुकाने आता बरीच झाली आहेत. अशाच एका दुकानात एका वयोवृद्ध दुकानदाराने मला माझा मुलूख विचारला. मुंबई असे सांगताच त्याने जातधर्माची चौकशी केली आणि ‘बेने इस्राएल’ हे दोन शब्द कानी पडताच तो गल्ल्यामागून उठून बाहेर आला. उजवा हात छातीवर ठेवून तो हिंदुस्थानीत म्हणाला, “मग आपण भाऊ झालो. आम्हीही बनी इस्राईल.” नंतर अक्रोडांचे पैसे त्याने पुरते मोजून घेतले, हे नाते हिशेबाच्या आड आले नाही, हेही येथे नमूद करतो.

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. पठाण हे इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी आहेत, ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईतही ऐकली होती. त्या काळी मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे पठाण म्हणजे दारावर काठी आपटणारा सावकार, आणि ‘पठाणी व्याज’ हा शब्दप्रयोग तर मराठीत कायमचा राहिला. परंतु पठाणांची भाषा कोणती, तिचे कूळ कोणते, आणि त्यांच्या या दाव्याला त्या भाषेचा आधार मिळतो काय, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो झाला पाहिजे, कारण ज्या काट्याने त्यांचा दावा तोलायचा त्याच काट्यावर आपल्यालाही उभे राहावे लागते.

प्रथम दावा काय आहे ते पाहू. मोगल बादशहा जहांगीर याच्या दरबारी खानजहान लोदी नावाचा अफगाण सरदार होता. त्याच्या आश्रयाने नियामतुल्ला याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फारसीत ‘मखझन-इ-अफगानी’ हा ग्रंथ रचला. अफगाण हे राक्षसांची संतती आहेत अशी कोणी भर दरबारात कुचेष्टा केल्यामुळे हा ग्रंथ लिहविला गेला, असे सांगतात. त्यात दिलेली वंशावळ अशी : शौल राजाला इर्मिया नावाचा पुत्र होता, इर्मियाचा पुत्र अफगाना, तो शलोमो राजाच्या पदरी मोठा झाला, त्याच्या वंशजांपैकी कैस याने सातव्या शतकात अरबस्तानात जाऊन इस्लाम स्वीकारला, आणि कैसच्या सरबन, बैतन व घुरघुश्त या तीन पुत्रांपासून पठाणांच्या टोळ्या निघाल्या.

ज्यांच्या घरी तनाख आहे त्यांनी शेमुएलची पुस्तके उघडून पाहावीत. शौलाच्या पुत्रांची नावे तेथे आहेत. त्यांत योनाथान आहे, पण इर्मिया नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. शौल बिन्यामीन वंशाचा, आणि बिन्यामीन हा हरवलेल्या दहा वंशांत मोडत नाही. तो यहुदाबरोबर राहिला. म्हणजे पठाण शौलाचे वंशज असतील तर ते दहा वंशांतले नव्हेत. तरीही युसुफझाई म्हणजे योसेफाची मुले, आफ्रिदी म्हणजे एफ्राईम, अशी नावांची जुळणी दोनशे वर्षे चालू आहे. पश्तोत ‘झोय’ म्हणजे मुलगा, त्यावरून टोळीच्या नावामागे ‘झाई’ लागते. युसुफझाई म्हणजे युसुफाची मुले हे खरेच, पण युसुफ हे नाव मुसलमान समाजात आपल्याकडील गणपत-विठोबासारखे घरोघरी आढळते, आणि पठाणांच्या स्वतःच्या वंशावळीतही हा युसुफ याकोबाचा पुत्र नसून पुष्कळ नंतरचा टोळीप्रमुख आहे.

मग असा दावा करण्यात त्यांना गौरव का वाटला असावा? याचे उत्तर आपल्याच इतिहासातील एका गोष्टीत आहे. समाजी हसाजी दिवेकर म्हणजेच शमुएल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अंमलदार असता टिपूच्या कैदेत सापडले. आपल्यातील परंपरा सांगते की, कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले, आणि हे नाव कुराणात आदराने आले आहे असे टिपूच्या आईने सांगितल्यावरून त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले प्रार्थनालय बांधले, ज्याला आपण शाआर हारहमीम म्हणतो. टिपूच्या आईची कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : मुसलमानी राज्यात ‘बनी इस्राईल’ हे भूषणाचे नाव होते. जहांगीराच्या दरबारातील लोदी सरदाराला राक्षसांच्या वंशातून बाहेर पडण्यासाठी याहून चांगली वाट कोणती होती?

पुढची कथा इंग्रजांची आहे, आणि तिच्यात आपला मराठी मुलूख पुनःपुन्हा येतो. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी १७९० च्या सुमारास अफगाणांच्या इस्राएली उत्पत्तीविषयी अनुकूल टिपण लिहिले आणि पश्तो भाषा खाल्डी भाषेसारखी दिसते असे मत दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी आहेत हे ज्याने ओळखले, त्याच विद्वानाचे पश्तोबाबत मात्र चुकले. त्याच्या हाती पश्तोचा पुरेसा मजकूरच नव्हता.

माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव मुंबईकरांना सांगावयास नको. १८०९ साली ते वकील म्हणून पेशावरला शाह शुजाकडे गेले होते. पुढे पुण्याच्या रेसिडेन्सीत बाजीरावाशी राजकारण करीत असतानाच, १८१५ साली, त्यांचा काबूलच्या राज्यावरील मोठा ग्रंथ लंडनात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पश्तोतील दोनशेहून अधिक शब्द घेऊन ते फारसी, संस्कृत, अरबी, हिब्रू, खाल्डी इत्यादी भाषांशी ताडून पाहिले. हिब्रू किंवा खाल्डीतून आला असे ज्याविषयी म्हणता येईल असा एकही शब्द त्यांना आढळला नाही. पठाणांचा दावा वरवर पटण्याजोगा दिसतो, पण तपासणीत टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खडकीची लढाई लढणारा हा मुत्सद्दी शब्दांच्या याद्या करीत बसला होता, ही गोष्ट मला त्याच्या राजकारणापेक्षा अधिक आवडते.

तिसरे नाव आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. हेन्री जॉर्ज रॅव्हर्टी हा कॉर्नवॉलमधील फॅलमथचा, जन्म १८२५. तो मुंबई लष्कराच्या तिसऱ्या देशी पायदळ पलटणीचा अधिकारी होता. ज्या मुंबई लष्करात आपले पूर्वज सुभेदार आणि जमादार या हुद्द्यांपर्यंत चढले, तेच हे लष्कर. मुलतानच्या वेढ्यानंतर रॅव्हर्टी पेशावरला गेला आणि पश्तोच्या पायी जन्माचा वेडा झाला. १८५५ साली त्याचे व्याकरण निघाले, १८६० साली लंडनात पश्तोचा मोठा कोश आणि ‘गुलशन-इ-रोह’ हा वेच्यांचा संग्रह, १८६२ साली अफगाण कवींच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद. १८६४ साली मेजर होऊन तो निवृत्त झाला आणि १९०६ साली कॉर्नवॉलमध्येच वारला. पेशावरच्या बाजारात पाठ म्हटल्या जाणाऱ्या रहमान बाबाच्या आणि खुशालखान खटकाच्या कविता इंग्रजीत प्रथम भरघोस आल्या त्या या मुंबईच्या पलटणीतील माणसामुळे.

खुशालखान खटक (१६१३–१६८९) हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. अटकेच्या पश्चिमेस अकोड्याचा हा सरदार आधी मोगलांचा चाकर होता. औरंगजेबाने त्याला रणथंभोरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले, आणि सुटल्यावर तो बादशहाविरुद्ध उभा राहिला. म्हणजे सह्याद्रीत शिवाजी महाराज आणि सिंधूपलीकडे खुशालखान हे एकाच बादशहाशी एकाच काळात झुंजत होते. मराठे १७५८ मध्ये अटकेपर्यंत पोचले तेव्हा ते पश्तोच्या उंबरठ्यावर आले होते. ‘अटकेपार’ म्हणजे पश्तो मुलुखातच. आणि तीन वर्षांनी पानिपतावर ज्या अहमदशहा अब्दालीने मराठी घराघरांत रडारड करविली, तो स्वतः पश्तोचा कवी होता आणि त्याच्या कवितांचा दीवान आहे, ही गोष्ट आपल्या शाळेतील इतिहासात कधी आली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पश्तोचे कूळ कोणते, याचा वाद रॅव्हर्टीनंतर आणखी काही दशके चालला. अर्न्स्ट ट्रुम्प या जर्मन पंडिताने १८७३ च्या आपल्या व्याकरणात तिला हिंदुस्थानी प्राकृतांच्या जवळ नेले. वादाचा निकाल लावला तो जेम्स दार्मस्तेतेर याने. हा फ्रान्सचा, १८४९ साली लॉरेन प्रांतात एका ज्यू कुटुंबात जन्मलेला. लहानपणी हिब्रू शिकलेला. त्याचा थोरला भाऊ आर्सेन याने राशीच्या भाष्यांत विखुरलेले जुने फ्रेंच शब्द गोळा करून त्यांचा अभ्यास केला, यावरून घरातले वातावरण समजावे. जेम्सने पारशी लोकांचा अवेस्ता भाषांतरित केला, १८८६ साली तो हिंदुस्थानात आला, सरहद्दीवर राहून गवयांकडून पठाणांची लोकगीते उतरून घेतली, आणि १८८८ ते १८९० च्या दरम्यान ती पॅरिसमध्ये छापली. त्या ग्रंथाला जोडलेल्या विवेचनात त्याने दाखवून दिले की पश्तो ही इराणी कुळातली, अवेस्ताच्या भाषेच्या नात्यातली आहे. पुढे नॉर्वेच्या मॉर्गनस्टिएर्न यांनी १९२७ साली तिचा व्युत्पत्तिकोश करून हे मत पक्के केले, आणि आज कोणी भाषाशास्त्रज्ञ त्याविषयी शंका घेत नाही. पठाणांची भाषा हिब्रूची कन्या नव्हे, हे ज्याने निर्णायकपणे सांगितले तो एक ज्यू होता. गोष्टीचा मोह त्यालाही पडू शकला असता, पडला नाही.

वाचकांना स्वतः परीक्षा पाहावयाची असेल तर ती जेवणाच्या टेबलावर पाहता येते. पश्तोत वडिलांना ‘प्लार’, भावाला ‘व्रोर’, बहिणीला ‘खोर’, मुलीला ‘लूर’ म्हणतात. नाव म्हणजे ‘नूम’, तारा म्हणजे ‘स्तोरय’, गाय म्हणजे ‘ग्वा’, घोडा म्हणजे ‘आस’. आईला ‘मोर’ म्हणतात, त्यावर आपली मुले हसतील. आता हिब्रू शब्द शेजारी मांडा : अव्, आख, आखोत, बत, शेम, कोखाव, पारा, सूस. एकही जुळत नाही. उलट संस्कृत मांडा : पितर, भ्रातर, स्वसर, दुहितर, नाम, तारा, गो, अश्व. आकड्यांचेही तसेच. पाच म्हणजे ‘पिंझ’, आठ म्हणजे ‘अत’, दहा म्हणजे ‘लस’. हा ‘लस’ कोठून आला? पश्तोत जुन्या ‘द’चा ‘ल’ होतो. ‘दश’चा ‘लस’ झाला आणि ‘दुहिता’ची ‘लूर’. मराठीत ‘द’ राहिला आणि ‘श’चा ‘ह’ होऊन ‘दहा’ झाले. दोन चुलत घराण्यांनी एकाच दागिन्याचे वेगवेगळे टोक मोडले, एवढाच काय तो फरक.

दुसरी एक गंमत आहे. आपण ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’ातला ‘च’ वेगळे उच्चारतो, तसेच ‘जन’ आणि ‘जाळे’ यांतले ‘ज’ वेगळे. हे चारही ध्वनी पश्तोत आहेत, आणि त्यांना चार वेगळी अक्षरे आहेत. ‘ट’, ‘ड’ आणि ‘ण’ही आहेत. लखनौच्या उर्दू पंडितापेक्षा अलिबागचा मराठी माणूस पश्तोचा उच्चार लवकर पकडील, असे मला वाटते.

म्हणजे पठाणांचा दावा निकालात निघाला काय? येथे मला वाचकांना थांबवावेसे वाटते. भाषेने सिद्ध झाले ते एवढेच, की पश्तो हिब्रूपासून निघाली नाही. बोलणाऱ्यांचे रक्त कोणाचे, हे भाषा सांगत नाही. आपलेच उदाहरण घ्या. आपली मायबोली मराठी. आपली आडनावे किहीम, दिवे, नवगाव, पेण, रोहे या गावांवरून. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे समाजी, हसाजी अशी. अठराव्या शतकात एखादा एल्फिन्स्टन कोकणात येऊन आपल्या घाण्यापाशी बसला असता आणि त्याने दोनशे शब्दांची यादी केली असती, तर हिब्रूशी जुळणारे किती शब्द त्याला मिळाले असते? अफगाणिस्तानात जे खरोखर ज्यू होते, हेरात आणि काबूलचे, ते पश्तो नव्हे तर फारसी बोलत. भाषेचा दाखला मागितला तर जगातील निम्मे ज्यू नापास होतील.

मग फरक कशात? माझ्या मते फरक आचारात आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज आणि वाचलेली सात जोडपी ही आपली कथा, आणि कैसचे तीन पुत्र ही त्यांची कथा. पुराव्याच्या दृष्टीने दोन्ही कथाच, हे मान्य करण्यास आपण भिऊ नये. परंतु आपले लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आठव्या दिवशी सुंता होत असे, शेमा म्हटला जाई, आहारातील निषेध पाळले जात. हे गावाने पाहिलेले आहे. ते कोणा दरबारी लेखकाने लिहून दिलेले नव्हे. पठाणांमध्येही शुक्रवारी सायंकाळी दिवा लावण्याच्या आणि अशाच अन्य चालींच्या गोष्टी सांगितल्या जातात. इस्राएलचे दुसरे अध्यक्ष इत्सहाक बेन-त्स्वी यांनी अफगाण ज्यूंकडून तशा साक्षी गोळा केल्या होत्या. पण त्या बहुतेक ऐकीव आहेत.

आणि तरीही वंशावळ मागण्यात आली ती आपल्याकडे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटने विवाहाच्या वेळी आपल्या लोकांच्या मातृकुळाची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करण्याचे निर्देश दिले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आपल्या माणसांनी धरणे धरले, त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला, आणि त्यानंतर निर्देशांतून आपले नाव वगळण्यात आले. हरवलेल्या वंशांविषयी कुतूहल वाटणे सोपे, कारण ते दूर असतात. दाराशी येऊन ‘आम्ही आहोत’ म्हणणाऱ्यास मात्र कागद दाखवावा लागतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आपल्यात मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि हिंदुस्थानी लोकांचा, असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले. पठाणांच्या बाबतीत आजवरच्या अशा अभ्यासांत इस्राएली उगमाचा स्पष्ट धागा मिळालेला नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही. त्या वृद्ध दुकानदाराचा छातीवरचा हात आठवतो.

या देशात पठाण केव्हा आले? पुष्कळजण समजतात की १९७९ च्या रशियन आक्रमणानंतर. ते अर्धेच खरे आहे. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. च्या आगबोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे : डेकवर कोकणातले खलाशी, भोजनगृहात गोव्याचे नोकर, आणि खाली यंत्रघरात भट्टीपाशी पंजाबी मुसलमान आणि पठाण आगवाले. आपल्या रत्नागिरीचा खलाशी आणि अटकेकडचा आगवाला एकाच बोटीने टिलबरीला लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर अटक, स्वाबी या भागांतील माणसे ब्रॅडफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या गिरण्या-कारखान्यांत आली. नंतर निर्वासित आले, आणि २०२१ साली काबूल पडल्यावर आणखी आले. ऑगस्ट १९८१ मध्ये बी.बी.सी.ने लंडनच्या बुश हाऊसमधून पश्तो प्रक्षेपण सुरू केले. १९९४ साली पश्तो आणि फारसीत सुरू झालेली ‘नवे घर, नवे जीवन’ ही नभोनाट्यमाला तर येथील ‘दि आर्चर्स’ या ग्रामीण मालिकेच्या धर्तीवर बेतलेली होती, आणि अफगाण खेड्यांत ती ऐकण्यासाठी माणसे रेडिओभोवती जमत.

लंडनहून रेडिंगला जाणाऱ्यांनी तेथील फोर्बरी बागेतला लोखंडी सिंह अवश्य पाहावा. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे इंग्रज फौजेचा जो मोठा पराभव झाला त्याचे ते स्मारक, १८८६ साली उघडलेले. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याच लढाईत जखमी झाल्याचे कादंबरीकाराने लिहिले आहे. पठाण आजही मैवंदची मलालई ही मुलगी पश्तो गाण्यांत गातात. सिंहाखाली बर्कशायरच्या ६६ व्या पलटणीतील ३२९ जणांची नावे आहेत. परंतु त्या दिवशी मैदानावर मुंबई लष्कराच्या दोन देशी पायदळ पलटणी होत्या, पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्ज रायफल्स. मुंबईचे घोडदळ आणि सॅपर्सही होते. त्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. मी चौथऱ्याभोवती दोनदा फिरून पाहिले.

येथील शाळांत मुलांना जी. सी. एस. ई. ला आधुनिक हिब्रू घेता येते, फारसी, उर्दू, गुजराती आणि बंगालीही घेता येते. मराठी घेता येत नाही आणि पश्तोही नाही. त्यामुळे दोन्ही भाषा आजी-आजोबांच्या जिभेवर अवलंबून राहिल्या आहेत.

गेल्या महिन्यात मी त्या दुकानात पुन्हा गेलो. वंशावळीचा विषय काढला नाही. काढून कोणाचे काय भले झाले असते? मी त्याला दहापर्यंत आकडे म्हणून दाखवण्याची विनंती केली. त्याने बोटे उघडीत म्हटले, “यो, द्वा, द्रे, त्सलोर, पिंझ...” त्याचा नातू गल्ल्यावर बसून इंग्रजीत हसत होता, माझी नात माझ्या बाजूला उभी होती. ‘लस’ म्हणून तो थांबला आणि मला म्हणाला, आता तुमचे. मी नातीकडे पाहिले. तिने एकपासून सुरुवात केली, सहापर्यंत नीट आली, सातला अडखळली, आणि म्हाताऱ्याने ‘आठ’ ऐकताच मान डोलावून स्वतःचा ‘अत’ तिच्या मागोमाग म्हटला.